सोळाव्या दिवशी खाली

दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक परदेश पसरलेला होता आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

परदेश म्हणजे चार्ट. चार मोठे कागद एकमेकांना चिकटवून आमच्या ह्यांनी तो केला होता. उभे रकाने एकवीस, कारण सहल एकवीस दिवसांची. आडव्या ओळी किती ते मी मोजलं नाही. पहिल्या दिवसाची पहिली ओळ 'उठणे ५.१०' अशी होती, ती वाचूनच पुढचं वाचायची हौस फिटली. "पाच का नाही?" मी विचारलं, तर म्हणाले, "पाचला हाक मारली तरी तू उठत नाहीस. दहा मिनिटं तुझी राखीव."

हे चौतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं करायचे. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं टेकणार, ड्रायव्हर चहा कधी पिणार, सगळं ह्यांच्या पेन्सिलीतून निघायचं. डेपोत ह्यांना 'मिनिटसाहेब' म्हणत. तोंडावर साहेब म्हणत, मागून नुसतं मिनिट. आणि हजारो माणसांना गावोगाव धाडणारा हा माणूस स्वतः कधी कुठे गेला नाही. "जाऊ या का हो कुठेतरी?" मी विचारायची, हे "बघू" म्हणायचे. 'बघू' म्हणजे 'नाही', हे लग्न झालेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

निवृत्त झाले आणि पहिला महिना खिडकीत बसून रस्त्यावरच्या बसगाड्यांच्या वेळा टिपत राहिले. "सातची सात सहाला आली," असं मला स्वयंपाकघरात येऊन सांगायचे. आवाज असा, की जणू घरातलंच कुणी वाया गेलंय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण ह्यांना बघून मला हसू यायचं नाही. मग एक दिवस वही मिटली आणि म्हणाले, "बोल, कुठे जायचं?" मी हातातलं काम टाकून बटणांचा डबा पुढे केला.

मी शिवणकाम करते. लोकांचे घट्ट कपडे सैल करते आणि सैल कपडे घट्ट करते. गिऱ्हाइकांची वयं वाढत चालल्यामुळे पहिलंच काम जास्त येतं. माझ्या मशीनशेजारी एक पत्र्याचा डबा असतो, मूळचा बिस्किटांचा, कुणीतरी परदेशातून आणलेला. झाकणावर चित्र आहे. तळं, तळ्याकाठी झाड, झाडाखाली बाक आणि बाकावर दोन माणसं, पाठमोरी. ती दोघं काही करत नाहीत. बोलतही नसावीत. तीस वर्षं बटण शोधता शोधता मी त्यांच्याकडे बघत आले आणि दर वेळी मनात आलं, ह्या बाईचं बरं आहे, हिचा नवरा बसलाय. माझा नवरा चहासुद्धा उभ्याने पितो. बाहेर पडलो की दोन पावलं पुढे असतो आणि कोपऱ्यावर थांबून घड्याळ बघतो.

आमच्या लेकीने झाकणाच्या कडेवरचं बारीक नाव भिंगातून वाचून मोबाईलवर शोधलं. गाव खरं निघालं, तळं खरं निघालं आणि बाकही अजून जागच्या जागी. म्हणून तो देश ठरला. मला त्या बाकावर एक दिवस बसायचं होतं, ह्यांच्याबरोबर. बाकीचा देश ह्यांनी खुशाल बघावा.

आणि ते ह्याच वर्षी व्हायला हवं होतं. माझा डावा गुडघा कुरकुरत असतो. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "जायचं तर आत्ता जाऊन या. पुढच्या वर्षी हा गुडघा तुम्हाला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेईल की नाही, मी सांगू शकत नाही. आल्यावर ऑपरेशनचं बघू." त्यांचं 'बघू' मात्र खरंच 'बघू' होतं.

तर चार्ट. हे इतके रंगले की शीळ घालायला लागले. एकवीस दिवसांत त्रेसष्ट थांबे बसवले. राजवाडा चाळीस मिनिटं, त्यातली बाग आठ. संग्रहालय पन्नास मिनिटं, त्यापुढे कंसात 'तळघर सोडून'. एका धबधब्यासमोर अकरा मिनिटं लिहिलेली.

"अकराच का?" लेकीने विचारलं.

"सरळ पडतोय," हे म्हणाले. "एकदा वरून खाली बघितला की झालं. फोटोसकट धरलंय."

"आणि हे काय, सूर्यास्त सहा बेचाळीस ते सहा एकोणपन्नास?"

"हो."

"सात मिनिटांत नाही बुडाला तर?"

"बुडतो. तपासलंय मी."

"बाबा, तुम्ही सूर्यालाही मेमो द्याल," लेक म्हणाली, आणि हे त्यावर खरंच जरा विचारात पडले.

इथे डेपोतला एक शब्द सांगायला हवा. गाडी प्रवाशांना सोडून रिकामीच परत आली, तर त्या फेरीच्या रकान्यात 'खाली' लिहायचे. खाली म्हणजे प्रवासी नाही, थांबा नाही, नुसती चाकं फिरली. ह्यांच्या लेखी ही शिवी होती. एका वर्षी ह्यांनी सगळ्या डेपोत एकही खाली फेरी ठेवली नव्हती. त्याचं प्रशस्तिपत्र आमच्या भिंतीवर आहे, लग्नाच्या फोटोच्या वर. पण नियम असाही होता, की वरच्या साहेबाने स्वतःच्या हाताने रकान्यात 'खाली' लिहिलं, तर त्यात एक माणूससुद्धा घालायचा नाही आणि कारण विचारायचं नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ गोष्टी ऐन वेळी आठवत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

एका दुपारी मी झग्याची दुमड टाचत बसले होते. म्हटलं, चार्ट पुरा होत आला, आपलं विचारून घ्यावं. तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, "अहो, माझं तळं कुठे आहे?"

"आहे ना! सोळावा दिवस. दहा पस्तीस ते दहा सत्तेचाळीस."

"बारा मिनिटं? अहो, बाकापर्यंत पोचायलाच मला..."

"उतरायचं नाहीये. बसमधून. तळं डावीकडे येतं, म्हणून तुझी सीट मी डावीकडची धरलीय. खिडकीची." आणि माझ्याकडे असे बघत राहिले, की आता मी कौतुकच करणार.

मी टाचण्या परत तोंडात घातल्या. त्या होत्या म्हणून ह्यांची धडगत.

त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. ह्यांना ते कळायला दीड दिवस लागला, कारण चार्टमध्ये त्याला रकाना नव्हता. लेकीला मात्र मी फोनवर सांगून टाकलं, "बाक नाही तर मी नाही. त्रेसष्ट थांबे ह्यांनी एकट्याने करावेत. कंपनीच्या ऑफिसात बुकिंगला बसलो की तिथेच सांगणार, माझं तिकीट काढू नका."

"आई, बाबांना सरळ सांग ना, तुला तिथे बसायचंय म्हणून."

"तीस वर्षं डबा समोर आहे. आणखी काय सांगायचं?"

हे माझं चुकत होतं, मला ठाऊक आहे. मागितल्याशिवाय मिळावं असा माझा हट्ट होता. साठीतल्या बाईचा हट्ट लहान मुलीच्या हट्टापेक्षा वाईट, कारण तिला कुणी उचलून नेऊ शकत नाही.

अबोला असला तरी सराव चालूच होता. रोज सकाळी हे माझ्या खांद्याला भरलेली पिशवी अडकवायचे आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि परत वर न्यायचे. 'न्यायचे' म्हणजे स्वतः पुढे जाऊन वळणावर घड्याळ धरून उभे राहायचे. "चढायला चार वीस. उतरायला पाच पाच," असं हवेत बोलायचे. माझा गुडघा उतरताना जास्त बोलतो. मी मात्र तोंडातून ब्र काढायची नाही.

मग लेकीचा फोन आला. तिने ह्यांच्या यादीतली हॉटेलं तपासली होती. "आई, पाचव्या, नवव्या, सोळाव्या आणि एकोणिसाव्या दिवशीची हॉटेलं जुनी आहेत. लिफ्ट नाही. तळमजल्याची खोली मागून घ्यायला बाबांना सांग."

"मी बोलत नाहीये."

"मग लिही!"

म्हटलं, ठीक आहे. जायचं तर नव्हतंच, पण जीव अजून चिकटलेला होता. हे बाजारात गेले होते. मी कापडावर खुणा करायची निळी पेन्सिल घेतली आणि त्या चार रकान्यांत लिहिलं, 'खाली'. रकान्यात इतकी गर्दी होती की कोपऱ्यात जागा मिळेना. मग सगळ्या ओळींवरून, वरून खालपर्यंत, मोठ्या अक्षरांत लिहिलं. खोली खाली हवी, बस्स. ह्याहून सोपं काय असतं?

हे परत आले, पिशवी ठेवली, सवयीने टेबलापाशी गेले आणि थिजले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे वळून बघितलं. मी मान खाली घालून शिलाई उसवत होते. काही विचारतील असं वाटलं. नाही विचारलं. खुर्ची ओढली आणि खोडरबर हातात घेतला.

तीन दिवस खोडत होते. टेबलभर रबराचा भुगा. शीळ बंद, बसच्या वेळा सांगणं बंद, ताटातलं अर्धं ताटातच. मी मनात म्हटलं, चार खोल्या तळमजल्यावर मागितल्या तर केवढं हे सुतक! मी जवळून गेले की चार्टवर वर्तमानपत्र ओढायचे. चौथ्या दिवशी भिंतीकडे बघून म्हणाले, "उद्या अकराची वेळ घेतलीय. दहा पस्तीसला निघू."

दहा पस्तीस. नेमकी माझ्या तळ्याची वेळ. मी मनातल्या मनात वाक्य घोटून ठेवलं. माझं तिकीट काढू नका. माझं तिकीट काढू नका.

प्रवास कंपनीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. हे पुढे जाऊन वळणावर उभे राहिले. घड्याळ बघितलं, पण वेळ काही बोलले नाहीत. आत एक मुलगी कॉम्प्युटरमागे बसली होती. मागे भिंतीवर समुद्राचा फोटो आणि त्यावर एसीमधून गळलेल्या पाण्याचा डाग. हे तिच्या टेबलावर चार्ट उलगडू लागले आणि तो उलगडता उलगडेना. शेवटी मुलीने आपला चहाचा कप मांडीवर घेतला. मला बरं वाटलं, म्हटलं आपल्यासारखीच एक.

"काका, हे तुम्ही हाताने केलंत?" ती म्हणाली. "आमच्याकडे नोकरीला या."

एरवी हे फुलले असते. आज नुसती मान हलवली.

ती एकेक दिवस वाचत कॉम्प्युटरवर भरत गेली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग थांबली. "काका, पाचव्या दिवशी नुसतं 'खाली' लिहिलंय. नवव्यालाही तेच. सोळा, एकोणीस. म्हणजे तळमजल्याची खोली ना?"

मी वाकून बघितलं. चार रकाने पांढरेशुभ्र होते. उठणे नाही, थांबा नाही, मिनिट नाही. प्रत्येकात माझा एकच निळा शब्द, आणि तो न दुखावता आजूबाजूचं सगळं खोडलेलं.

"नाही," हे म्हणाले. "खाली म्हणजे खाली. त्या दिवशी काही बघायचं नाही."

"काहीच नाही? पूर्ण दिवस?"

"वरून आलेली खाली आहे." आणि बोट माझ्याकडे केलं.

माझ्या तोंडात घोटून ठेवलेलं वाक्य तिथेच विरघळलं. मुलगी एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागली. ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगीच चष्मा पुसला.

"आधी वाटलं हिचं डोकं फिरलं," हे मुलीला म्हणाले, पण बोलत होते माझ्याशीच. "चार दिवस! एकोणीस थांबे रद्द. किल्ला गेला, दोन संग्रहालयं गेली, तो धबधबा..."

"अकरा मिनिटांचा," मी म्हटलं. अबोल्यातला माझा हा पहिला शब्द.

"अकरा मिनिटांचा. पण नियम म्हणजे नियम. खोडायला बसलो. पाचवा खोडला, नववा खोडला, जीव कासावीस झाला. मग सोळाव्यावर आलो. बाकीच्या ओळी खोडल्या आणि शेवटी एकच उरली. 'तळे, बारा मिनिटे.' ती एकटी उरली तेव्हा दिसली गं. अडतीस वर्षांत तू एक जागा मागितलीस आणि मी तुला खिडकी देत होतो." ह्यांनी रुमालाची घडी घातली. "काय करू? घरी बसल्यापासून मलाच कुणीतरी 'खाली' लिहिल्यासारखं वाटतंय. म्हणून भरत सुटलो होतो. सोळाव्या रकान्याबाहेर, कडेला, मुक्काम आता तळ्याकाठीच लिहिलाय."

मी चार्टच्या कडेची सुरकुती बोटाने सपाट करत बसले. मग ह्यांनीच विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे असं बघितलं की मी अजून विसरले नाही.

"तुला तेच म्हणायचं होतं ना? की ही म्हणतेय तसं, खरंच तळमजला?"

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर एकोणीस थांबे परत येणार, कारण खोडलं तरी ह्यांना सगळं पाठ. बाकावरून उठवून मला पुन्हा खिडकीत बसवणार. आणि त्याहून वाईट म्हणजे तीन दिवस ह्यांनी जे खोडलं ते फुकट जाणार, ते मला बघवणार नव्हतं. आयुष्यभर मी खरं बोलत आलेय, निदान मोठ्या गोष्टींत. ही मोठी होती.

"तुम्ही वाचलंत तेच," मी म्हटलं. लेकीला फोन करून अळीमिळी गुपचिळी सांगायला हवी, एवढं मनात टिपून ठेवलं.

"छान," मुलगी म्हणाली आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. "मग खोल्या कुठल्या मजल्यावर हव्यात?"

"तळमजला!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो. ह्यांना माझा गुडघा आठवला होता, मला माझं पाप.

"पाच, नऊ, एकोणीस मिळेल." ती खटाखट बटणं दाबत राहिली. "सोळाला मात्र तळ्याकाठी एकच खोली उरलीय. तिसरा मजला, अगदी वरची. लिफ्ट नाही, छप्पन्न पायऱ्या. तळमजलाच हवा असेल तर पुढच्या गावात आहे. तळं बसमधून मस्त दिसतं काकू, डावीकडची खिडकी घ्या."

ह्यांनी एक क्षण डोळे मिटले. मग पेन्सिल काढली. "पुढच्या गावातली द्या. हिचा गुडघा दुखावून काय बघायचं?" आणि खोडरबर घेऊन सोळाव्या रकान्याकडे वाकले.

मी रकान्यावर हात ठेवला.

"वरची द्या," मी मुलीला म्हटलं.

"अगं, छप्पन्न! आपल्या घरच्या चोपन्न आहेत आणि त्यातसुद्धा तू वळणावर थांबतेस. मी बघतो ना रोज."

"वरून बघता. थांबेन तिथेही."

"उतरायचंही आहे."

"रात्री एकदाच चढायचं, सकाळी एकदाच उतरायचं. सगळा दिवस खाली बाकावर बसायचंय. वरची द्या गं, पोरी."

मुलीने बटण दाबलं आणि आत कुठेतरी मशीन कागद ओढू लागलं. झालं, आता परत फिरणं नाही. हे खुर्चीत मागे टेकले. मग माणूस हरल्यावर आपल्या हक्काच्या जागी परत जातो तसे कागदाकडे वळले. पेन्सिलीला थुंकी लावली.

"बरं," म्हणाले. "चढायला किती मिनिटं धरू? सहा? की सात धरू?"

"मिनिटं नका धरू," मी म्हटलं. "हात धरा."

मुलगी उगीचच प्रिंटरकडे उठून गेली. ह्यांनी चार्टवर नजर फिरवली, जणू हे नेमकं कुठल्या ओळीत बसतं ते शोधत होते. मग पेन्सिल खिशात ठेवली. चार्टची घडी घातली, ती नीट बसेना तशी तशीच बगलेत मारली. पावती आली, सह्या झाल्या, आम्ही निघालो. जिन्यापाशी आलो तर हे सवयीने एक पायरी पुढे गेले, थांबले, आणि परत वर चढून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

पहिल्या मजल्यावरून खाली यायला आम्हाला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. घड्याळ ज्या हाताला होतं, तोच हात ह्यांनी मला दिला होता.